क्लच प्लेट

आजीला बघायला सुरतहून साक्रीला निघालो. नवापूर, विसरवाडी मागं पडलं आणि कोंडाईबारी घाटात आमच्या सात सीटर गाडीनं दगा दिला. पप्पा अ‍ॅक्सिलरेटर दाबतायत, इंजिन ओरडतंय, पण गाडी हलेना! जळका वास सुटला.

सुरतच्या ट्रॅफिकमध्ये पप्पांचा पाय कायम हाफ क्लचवर. उधन्याच्या मेकॅनिकनं तीन महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "प्लेट घासली. पकड नाही राहिली, तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचणार कशी?" पप्पांनी ते काम पुढं ढकललं. त्याच महिन्यात माझी फी भरली होती, हे मला घाटात कळलं.

ट्रकमध्ये बसून रात्री पोचलो. आजीनं विचारलं, "गाडी कुठंय रे?"

"घाटात दमली, आई," पप्पा म्हणाले.

सगळे हसले. मी पप्पांकडं बघत राहिले.