धक्क्यावरून पायी

बर्गन, जून

प्रिय ताई,

तू आणि भाऊजी पुढच्या उन्हाळ्यात नॉर्वेला यायचं म्हणताय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जहाजावर प्रत्येक बंदरासाठी सहली विकतात. बर्गनसाठी त्यातली एकही घेऊ नका. आमचं जहाज स्कोल्टनच्या धक्क्याला लागलं आणि तिथून ब्रिग्गनपर्यंत आम्ही रमतगमत पायीच गेलो.

ब्रिग्गन म्हणजे बंदरालगतची लाकडी वखारींची रांग. साधारण 1360 पासून इथे हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची कोठी होती. उत्तरेकडून मीठ न लावता वाऱ्यावर सुकवलेला कॉड यायचा, त्याच्या बदल्यात धान्य जायचं. 1702 च्या आगीत सगळं जळालं, तरी लोकांनी जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधून काढलं. गटाने आलेली मंडळी समोरच्या रंगीत भिंतींपाशी फोटो काढतात आणि त्यांचा गाईड त्यांना पुढे नेतो. खरी ब्रिग्गन त्या भिंतींच्या मागे आहे. दोन वखारींमधल्या अरुंद बोळांत शिरलं की पायाखाली फळ्या, डोक्यावर झुकलेले सज्जे आणि जुन्या लाकडाचा वास. आगीच्या धास्तीने या घरांत चूल पेटवायलाच बंदी होती, अगदी कडाक्याच्या थंडीतही. स्वयंपाकाला आणि शेकायला मागच्या बाजूला वेगळी घरं होती. त्या बोळांत आम्ही सकाळचा बराच वेळ काढला. कुणा गाईडची छत्री गाठायची नव्हती, म्हणूनच ते जमलं.

मग फ्लॉयनच्या डोंगरावर गेलो. 1918 पासून चालणारी दोरगाडी 320 मीटर उंचीवर नेते. जहाजं आली की तिला मोठी रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर जा. उतरताना गाडी घेऊ नका. जंगलातली पायवाट थेट गावात आणते आणि वाटेत शेळ्या भेटतात. पाऊस येणारच, रेनकोट पिशवीत असू दे.

तुझी,
धाकटी

---

फ्लोम

प्रिय ताई,

इथे धक्का, रेल्वे स्टेशन आणि गाव एकमेकांना चिकटून आहेत. फ्लोमची रेल्वे 20 किलोमीटरची, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढीच, पण रूळ पूर्ण रुंदीचे. फियॉर्डच्या पाण्याजवळून निघून ती 866 मीटरवरच्या मिरडालला पोचते. काही ठिकाणी चढ अठरास एक आहे आणि वाटेत वीस बोगदे आहेत. त्यातले अठरा मजुरांनी हाताने खोदले. 1940 मध्ये गाडी सुरू झाली. बोगद्यांच्या काळ्या कातळाकडे पाहताना मला तेच मजूर आठवत राहिले. क्योसफोसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, उतरून तुषार अंगावर घेता येतात.

जहाजाच्या सहलीतही हीच गाडी, हेच डबे. फरक एवढाच की त्यांनी जागा आधीच धरून ठेवलेल्या असतात. धक्क्यावर उतरून तिकीट मागाल तर बहुधा मिळणार नाही. येऊन-जाऊन दोनेक तास लागतात, तेव्हा जहाजाची वेळ पाहून गाडी निवडा. नंतर आम्ही नदीकाठाने जुन्या लाकडी चर्चपर्यंत चालत गेलो. तिथे जहाजावरचं कुणीच नव्हतं. ओसाड रानात, डोंगरात कुणालाही पायी फिरता येईल असा 1957 चा कायदाच या देशात आहे. शेत आणि अंगण मात्र ज्याचं त्याचं.

तुझी,
धाकटी

---

ओलेसुंद

प्रिय ताई,

हे गाव पाहून मी हरखून गेले. 23 जानेवारी 1904 च्या रात्री इथे आग लागली आणि सुमारे दहा हजार माणसं भर थंडीत उघड्यावर आली. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने मदतीची जहाजं पाठवली. त्याच्या नावाचा रस्ता अजून आहे. नॉर्वेच्या तरुण वास्तुशिल्पींनी तीनेक वर्षांत दगडविटांचं नवं गाव उभं केलं, त्या काळच्या युगेन्डस्टिल शैलीत. मनोरे, वळणदार खिडक्या, दारांवर कोरलेली पानंफुलं. हे पाहायला मान वर करून हळूहळू चालावं लागतं, बसच्या काचेतून ते दिसत नाही. धक्क्यापासून सगळं चालत जाण्याइतकं जवळ आहे. नंतर 418 पायऱ्या चढून अक्सला डोंगरावर जा, म्हणजे बेटांवर पसरलेलं हे गाव एका नजरेत मावतं.

आता एक इशारा. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आपापले फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. आम्ही शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर हजर असतो. म्हणूनच स्टव्हँगरला आम्ही प्रेकेस्टोलेनचा कडा सोडून दिला. बसने जायचं, मग चढ-उतार मिळून चारेक तास चालायचं, आणि जहाज दुपारीच सुटणार. त्याऐवजी धक्क्याशेजारच्या जुन्या वस्तीत पांढऱ्या लाकडी घरांमधून हिंडलो. कुंपणांवर गुलाब फुलले होते. मला जराही चुकल्यासारखं वाटलं नाही. लांबच्या, एकाच रस्त्याच्या ठिकाणी वेळ कमी असेल तर जहाजाचीच सहल घ्यावी, किंवा ते ठिकाण सोडून द्यावं.

भाऊजींच्या गुडघ्यांना 418 पायऱ्या झेपल्या नाहीत तर वरपर्यंत गाडीरस्ता आहे, त्यांना सांग. आणि फ्लोमच्या रेल्वेचं तिकीट व्हिसा हातात आल्याबरोबर काढा.

तुझी,
धाकटी