कचऱ्याला मीटर नसतो

पर्यावरण हा विषय सध्या एकदम ‘इन’ आहे. कुठल्याही मॉलमध्ये जा, बांबूचे टूथब्रश, तागाच्या पिशव्या, स्टीलच्या स्ट्रॉ, सगळं कसं छान मांडून ठेवलेलं असतं. त्यातल्या दोन-चार वस्तू घरी आणल्या की आपण ‘ग्रीन’ झालो असं मस्त फीलिंग येतं. आणि पगार झाल्यानंतरच्या पहिल्या वीकेंडला असं फीलिंग कोणाला नको असतं?

माझा फंडा मात्र जरा वेगळा आहे. आपण काय विकत घेतो यापेक्षा आपण काय आणि कसं टाकतो, तिथे आपला खरा कस लागतो. आणि ती सवय लावायला एक रुपयाही लागत नाही.

विजेचं एक बरं असतं. रात्रभर एसी १८ वर ठेवा, महिनाअखेरीस येणारं बिल बरोबर कान पकडतं. मग आपण शहाण्यासारखे २४ वर येतो. कचऱ्याचं तसं नाही. कचऱ्याला मीटर नसतो. पिशवीला गाठ मारली, दाराबाहेर ठेवली, विषय संपला! पण तो आपल्यापुरता संपलेला असतो. दुसऱ्या कोणाचा तरी दिवस तिथूनच सुरू होतो.

मी पुण्यात राहते. इथे बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बायका दारोदारी जाऊन कचरा घेतात. याच्या मागे मोठी गोष्ट आहे. कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ नावाची संघटना उभारली. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. उकिरड्यावर, कचराकुंडीत वाकून भंगार शोधणाऱ्या बायका त्यात एकत्र आल्या. पुढे याच कामातून ‘स्वच्छ’ उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेबरोबर करार केला. कुंडीत हात घालण्याऐवजी थेट दारातून कचरा घ्यायचा, असं काम सुरू झालं.

यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. या बायकांना घरटी दरमहा ठरावीक पैसे मिळतात आणि सुका कचरा निवडून भंगारात विकला की त्याचे वेगळे. म्हणजे आपण ज्याला सुका कचरा म्हणतो, तो त्यांचा माल असतो. पुठ्ठा, वर्तमानपत्र, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, प्रत्येकाचा वेगळा भाव. आमच्या बिल्डिंगमध्ये येणाऱ्या मावशी पार्किंगच्या एका कोपऱ्यात बसून हे सगळं निवडतात. एकदा एका फ्लॅटमधून आलेल्या पिशवीत चांगला जाडजूड पुठ्ठा होता, पण त्याच पिशवीत कोणीतरी उरलेली आमटी ओतली होती. पुठ्ठा पार भिजलेला. मावशींनी तो बाजूला टाकला आणि मला म्हणाल्या, “भिजल्याला कोण पैसं देतंय, ताई?”

त्या वाक्यात रागसुद्धा नव्हता. रोजचंच होतं ते.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली दिसली. कोणाच्या तरी कचऱ्यात दाढीचं ब्लेड होतं, सुटं. कोणत्या घरातलं ते कळायला मार्ग नव्हता. अठ्ठावीस फ्लॅट्स, अठ्ठावीस पिशव्या. मावशी तशाच हाताने उरलेला कचरा निवडत होत्या. ‘दवाखान्यात जा’ म्हटलं तर म्हणाल्या, “जाते की, हे झालं की.” मी वर जाऊन डेटॉल आणि बँडेज आणलं आणि सोसायटीच्या बोर्डावर एक कागद लावला. ब्लेड, सुया, फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा, वर पेनाने ‘काच’ किंवा ‘ब्लेड’ असं लिहा आणि वेगळं द्या. बस्स, एवढंच.

तेव्हापासून ‘इको फ्रेंडली’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पृथ्वीचा तो निळा गोळा येत नाही, मावशींचा हात येतो. आणि खरं सांगू? सवयी लावून घ्यायला ते बरं पडतं. पृथ्वी फार मोठी आहे हो. तिच्यासाठी रोज रात्री अकरा वाजता दह्याचा डबा विसळायचा कोणाला उत्साह येणार? पण तो डबा सकाळी साडेसातला कोणाच्या हातात जाणार हे माहीत असलं की हात आपोआप नळाकडे जातो.

सवयी तशा अगदी साध्या आहेत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो टिचभर तुकडा कोणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवीत थोडं पाणी घालून हलवायचं आणि ती वाळवायची. पाणी झाडाला. पिझ्झा मागवला तर खोक्याचं तेलकट तळ वेगळं आणि वरचं कोरडं झाकण फाडून सुक्यात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला सहसा हात लावत नाही, कारण त्यात एकावर एक वेगवेगळे थर असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे ती पाकिटं घरात येतानाच कमी आणायची. जेवण ऑर्डर करताना ‘चमचे नकोत’ या पर्यायावर एक क्लिक.

आणि मुलींनो, एक आपलं आपलं. सॅनिटरी नॅपकिन नुसतं पिशवीत कोंबायचं नाही. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते उघडून बघायची वेळ कोणावर येत नाही. पुण्यात या लाल ठिपक्याची मोहीमच झाली होती. ज्या विषयावर आपण ऑफिसमध्ये कुजबुजत बोलतो, तो रोज हाताळायची वेळ त्या बायकांवर येते. एक ठिपका काढायला किती सेकंद लागतात?

ऑफिसबद्दल तर बोलायलाच नको. चहाचा कागदी कप कागदाचा दिसतो, पण गळू नये म्हणून त्याला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. म्हणून रद्दीत त्याला भाव नाही. दिवसाला तीन चहा, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ६६ कप. वर्षाला ७९२. एका माणसाचे! डेस्कवर एक मग ठेवला की हा हिशेब शून्यावर येतो. शिवाय चहासुद्धा जास्त मिळतो, हा बोनस.

माझ्या रूममेटचा यावर एक हुकमी प्रश्न असतो. “तू एकटीने केल्याने काय होणारे?” प्रश्न चुकीचा नाही. कारखाने, बिल्डर, महापालिका, सगळ्यांनी आपापलं काम करायलाच हवं आणि ते करून घ्यायला आपण भांडायलाही हवं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या उशाशी नेऊन टाकला गेला. ओला कचरा ढिगाखाली दबला की हवेशिवाय कुजतो, मिथेन तयार होतो आणि असे ढीग पेट घेतात. एप्रिल २०१७ मध्ये तिथे आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्याच अडवल्या आणि इकडे शहरात कचरा साठायला लागला. तेव्हा पुणेकरांना कळलं, आपला कचरा ‘जातो’ म्हणजे कुठेतरी जातो.

पण रूममेटला माझं उत्तर यापेक्षा लहान आहे. मी एकटीने केल्याने जगाचं काय होतं, याचा हिशेब मी मांडत नाही. मावशींच्या अठ्ठावीस पिशव्यांपैकी एक पिशवी न घाबरता उघडता येते, एवढं मात्र नक्की होतं. तो कागद लावल्यावर बोर्डाजवळ मोठी क्रांती वगैरे झाली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र परवा फुटलेला ट्यूबलाइट खोक्यात घालून, वर मोठ्या अक्षरात ‘सांभाळून’ लिहून मावशींच्या हातात दिला. आता दोन पिशव्या झाल्या म्हणा.

तेव्हा बांबूचा ब्रश घ्यायचा तर जरूर घ्या, छान दिसतो. पण त्याआधी आज रात्री दह्याचा तो रिकामा डबा विसळून ओट्यावर पालथा घाला. सकाळी बेल वाजली की पिशवी दाराबाहेर सरकवून देऊ नका. दार उघडा, हातात द्या. आणि आजवर विचारलं नसेल, तर नाव विचारा.