एक पाय टेनेसीत, एक व्हर्जिनियात

ब्रिस्टॉलच्या स्टेट स्ट्रीटवर मधोमध उभं राहिलात की एक पाय टेनेसी राज्यात आणि दुसरा व्हर्जिनियात! फोटोसाठी सगळेच थांबतात, मीही थांबले. पण मी आले होते फिडलचा माग काढत.

१७व्या शतकात स्कॉटलंडमधली बरीच कुटुंबं आयर्लंडच्या अल्स्टर भागात जाऊन वसली. त्यांचे वंशज १८व्या शतकात अमेरिकेला आले आणि जमिनीच्या शोधात या अ‍ॅपलाचियन डोंगरांत शिरले. हेच ते स्कॉट्स-आयरिश. सोबत काय? फिडलच्या धुना आणि लांबलचक कथागीतं, आजीकडून नातीकडे तोंडीच गेलेली.

१९२७च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पिअरनं याच रस्त्यावर हॅटच्या जुन्या गोदामात रेकॉर्डिंग यंत्रं मांडली. १२ दिवसांत ७६ गाणी! ए. पी. कार्टर आपली बायको सारा आणि भावजय मेबेल यांना गाडीत घालून आला. मेबेल तेव्हा चक्क पोटुशी होती. गोदाम आज नाही, पण २०१४पासून गावात या सगळ्याचं झकास म्युझियम आहे.

इथवर गोष्ट कशी छान, सरळ वंशावळीसारखी. मग लेस्ली रिडल हे नाव समोर आलं आणि माझी गोची झाली. हा कृष्णवर्णीय गिटारवादक. नव्या गाण्यांसाठी कार्टर गावोगाव फिरायचा तेव्हा रिडल सोबत असायचा. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात. मेबेलही त्याच्याकडून गिटार शिकली. रेकॉर्डवर नाव मात्र कार्टर कुटुंबाचं! आणि बँजो? त्याचं मूळ तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडे. म्हणजे 'आमच्या पूर्वजांचं संगीत' म्हणताना कुणाचे पूर्वज मोजायचे?

शनिवारी हिल्टन्सला कार्टर फॅमिली फोल्डमध्ये गेले. लाकडी सभागृह, दारूला सक्त मनाई, विजेची वाद्यंही नकोत. जॉनी कॅशनं जुलै २००३मध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम इथेच केला. फिडल सुरू झालं, पाठोपाठ बँजो, आणि शेजारच्या आजीबाई बुटांना लोखंडी पट्ट्या ठोकून आलेल्या, त्या थेट फ्लोअरवर! मलाही ओढलं. माझ्या स्पोर्ट्स शूजचा आवाजच येईना. तुम्ही गेलात तर कडक तळव्याचे बूट घाला.