माझी धोकटी

“दोन तासांची शाळा, आणि तिच्यासाठी चामड्याची पिशवी?” सासूबाई म्हणाल्या. मनाला लागलं, पण उत्तर सुचेना. कारण माझ्या अर्धवेळ नोकरीकडे मीही तशीच पाहत होते. घरातलं सगळं आटपून उरलेल्या वेळात करायचं काम!

झालं होतं असं, की भर पावसात माझ्या कापडी पिशवीचा बंद तुटला आणि मुलांच्या वह्या चिखलात पडल्या. पगार झाल्यावर मी कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात एका कारागिराकडे गेले. त्यांनी नमुने दाखवलेच नाहीत. विचारलं, “वहिनी, काम काय करता? पिशवीत हत्यारं कोणकोणती असतात?”

हत्यारं! हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मोजू लागले. वह्या, लाल पेन, खडू, डस्टर, चष्मा, डबा. ते हसून म्हणाले, “मग तुम्हाला धोकटीच पाहिजे.”

धोकटी म्हणताच आजोळ आठवलं. न्हावीकाका ओसरीवर चामड्याची धोकटी उघडून बसायचे. वस्तरा, कात्री, नराणी. ज्याला त्याला आपापला कप्पा. आम्हां मुलांना तिला हात लावायची बंदी. कामाची वस्तू ना ती!

माझी पिशवी तशीच झाली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलांना लागतं तसलं कातडं, आणि दोन सुयांनी घातलेली हातशिलाई. एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शंभर रुपये कमी करा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण आरी धरून धरून घट्टे पडलेला त्यांचा हात पाहिला नि गप्प बसले. माझ्या कामाला काम म्हणणाऱ्या माणसाच्या कामाची किंमत मी कशी पाडू?

मैत्रिणींनो, अशी पिशवी भिजली तर उन्हात नको, सावलीतच वाळवा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, म्हणजे आकार बिघडत नाही. आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, बुरशी येते.

परवा निघायला उशीर झाला. मी चपला शोधत होते, तोच सासूबाई खुंटीवरची पिशवी घेऊन दारात आल्या. “ही घे तुझी धोकटी. मुलं खोळंबली असतील.”