परमुलुखातली पंगत

मैत्रिणींनो, लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्याच जणींनी कधी ना कधी वाढलेलं असतं. पदर खोचायचा, मिठापासून सुरुवात करायची आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत जिलबीचा आग्रह करायचा. पण पैसे घेऊन, परक्यांच्या लग्नात, साहेबाच्या देशात वाढायची वेळ तुमच्यावर आली तर? माझ्यावर आली, २०१६ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडमधल्या लेस्टरला.

लेस्टर लंडनहून आगगाडीने तासा-सव्वातासावर. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून घालवलेली हजारो भारतीय कुटुंबं इथे येऊन वसली. त्यामुळे बेलग्रेव्ह रोडवर साड्या, सोनं, मिठाई सगळं मिळतं. पण आमचे हे तिथे शिकायला गेलेले, घरभाडं भागता भागेना. शेजारणीच्या ओळखीने मी एका केटररकडे शनिवारचं काम धरलं. तासाला ७ पौंड २० पेन्स, म्हणजे पंचविशीपुढच्यांना त्या वर्षी कायद्याने ठरलेली किमान मजुरी.

पहिलाच नियम ऐकून पोटात खड्डा पडला. काळी पँट, पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले आणि हातात साध्या अंगठीशिवाय काही नको. काचेचा तुकडा ताटात पडला तर? म्हणणं खरंच होतं. मंगळसूत्र शर्टाच्या आत गेलं. बांगड्या मात्र उतरवून रुमालात बांधाव्या लागल्या. सासरी-माहेरी कुणालाच कळवलं नाही.

लग्न शहराबाहेरच्या एका जुन्या वाड्यात. दुपारी तीनच्या जेवणाला ही मंडळी ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणतात! आधी वधूवरांच्या टेबलावर वाढायचं, मग इतरांना. डावीकडून ठेवायचं, उजवीकडून उचलायचं आणि टेबलावरचं शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत कुणाचीही बशी हलवायची नाही. आग्रह मुळीच नाही. जिन्नसही तोंडपाठ हवेत. अॅलर्जी करणाऱ्या १४ जिन्नसांची माहिती देणं तिथे २०१४ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या यादीत शेंगदाण्याबरोबर आपली मोहरी आणि तीळसुद्धा! दाण्याचं कूट सढळ हाताने घालणारी मी जरा वरमलेच.

केकची गंमत ऐका. सुक्या मेव्याच्या मजली केकचा वरचा मजला पहिल्या बाळाच्या बारशासाठी राखून ठेवायची तिथे जुनी रीत आहे. मेवा दारूत मुरवलेला, म्हणून तो टिकतो.

जीव कळवळला तो मात्र शेवटी. ६३ अंशांखाली उतरलेलं गरम अन्न दोन तासांपलीकडे वाढायचं नाही, टाकायचं. भरली पातेली पिंपात रिकामी होताना पाहवेना. आणि आम्ही वाढणाऱ्या मुली सकाळपासून चहा-बिस्किटावर!

सात नंबरच्या टेबलावर बश्या नेल्या, तर समोर निळ्या सिल्कच्या साडीत ओळखीच्या काकू. गेल्या गणपतीत त्यांच्या शेजारी बसून मी आरती म्हटली होती. वाटलं, आता सांगलीपर्यंत बातमी जाणार! बशी ठेवताना हात थरथरला. काकूंनी माझ्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “अगं, तू जेवलीस का?”

दहा तासांत तेवढं एकच वाक्य कुणी माझ्यासाठी बोललं होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन मी डोळे पुसले.

त्याच रविवारी आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. क्षणभर ती गप्प. मग म्हणाली, “वाढायला लाज कसली? बांगड्या परत घातल्यास ना? मग झालं तर.” सासूबाईंना सांगायला मात्र मला आणखी दोन महिने लागले. त्या एवढंच म्हणाल्या, “पायांना तेल लावत जा.”

२०१८ साली भाचीच्या लग्नाला सांगलीला आले. कार्यालयात केटररच्या मुली एकसारख्या साड्यांत पंगतीमागून पंगत वाढत होत्या. माझ्या स्वतःच्या लग्नात अशाच मुली होत्या. त्यातल्या एकीचाही चेहरा मला आठवत नाही. या वेळी एकीला थांबवून विचारलं, “जेवलीस का गं?” ती दचकलीच! मग हसून म्हणाली, “सगळ्यात शेवटी, ताई.”

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कार्य निघालं की केटररशी पानांचा हिशेब करताना एवढं करा. वाढणाऱ्यांची पानं त्यात धरा, आणि त्यांना गरम असतानाच बसवा.