बावीसचा आकडा

मोटारीतील वातानुकूलन ही निव्वळ चैन आहे, असे आमचे अनेक वर्षांचे ठाम मत होते. काच खाली केली की वसईचा वारा फुकट मिळतो. त्यासाठी इंधन कशाला जाळायचे, असा आमचा युक्तिवाद असे. आईचे डायलिसिस सुरू झाले आणि तो युक्तिवाद गळून पडला.

आठवड्यातून तीन दिवस तिला आचोळ्याहून वसई पश्चिमेला न्यावे लागे. अंतर फारसे नाही. परंतु आचोळे रोडवर अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, रिक्षांच्या रांगांमध्ये मोजतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला पाणी मोजून प्यावे लागते. डॉक्टरांनी आईला दिवसाला एक लिटर ठरवून दिले होते आणि चहा, पेज, आमटीचे पाणी हे सारे त्याच लिटरात. उकाड्याने जीव कासावीस झाला, घशाला कोरड पडली, तरी हात पेल्याकडे न्यायचा नाही. आपण घाम पुसतो आणि घटाघटा पाणी पितो. तिला ती मुभा नव्हती. गाडीतला गारवा ही तिच्या बाबतीत चैन नव्हती. तहान थोपवून धरण्याचा तो एक उपाय होता.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हा उपाय निकामी होऊ लागला. गाडीत ‘ऑटो’ची सोय आहे. आपण आकडा ठरवावा आणि पंख्याचा वेग व हवेची दिशा यंत्राने स्वतः सांभाळावी. आम्ही २२ अंश ठरवले होते आणि समोरच्या पडद्यावर २२ झळकत होते. तरी डायलिसिसला पोहोचेपर्यंत आईचा पदर घामाने भिजलेला असे. ‘एसी चालू आहे ना रे?’ असे तिने एकदा विचारले. आम्ही आकड्याकडे बोट दाखवले. ती गप्प बसली.

अखेर आम्ही एका गॅरेजात गेलो. तेथील तरुणाने क्षणाचाही विचार न करता ‘गॅस कमी झाला असेल’ असे निदान केले. आतला गॅस त्याने हवेत सोडून दिला, नवा भरला आणि आम्हाला आत बसवून गारवा दाखवला. खरोखरच गारेगार होते. दहा दिवसांनी तीच तक्रार, तेच निदान, तोच उपाय. महिन्याभरात तीनदा गॅस भरला आणि तीनदा पैसे मोजले. गॅरेजात गारवा, आचोळे रोडवर उकाडा, हे कोडे काही सुटेना.

मे महिन्यात सौ.च्या माहेरच्या एका कार्यासाठी आम्ही डहाणूला गेलो. वसईफाट्यावरून अहमदाबाद महामार्गाला लागलो आणि थोड्या वेळाने आईने शाल मागितली! परतताना वसईफाट्याच्या गर्दीत शिरताच तिने शाल काढून ठेवली. सौ.ने विचारले तेव्हा आई सहज म्हणाली, ‘अगं, नेहमीचंच आहे. गाडी पळते तोवर थंड, थांबली की गरम. वसईच्या पुलावरसुद्धा जरा बरं वाटतं.’

ही गोष्ट तिला महिनाभर ठाऊक होती. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. आईही गाडीतच होती. आम्ही तक्रारीचा पाढा वाचू लागताच त्यांनी हात वर केला आणि मागच्या सीटकडे वाकून विचारले, ‘आजी, कधी गरम होतं?’ आईने कालचेच वाक्य पुन्हा सांगितले. मिस्त्री हसले. म्हणाले, ‘साहेब, अर्धं काम आजींनीच केलं.’

मग त्यांनी आम्हाला या यंत्राची रीत समजावून दिली. वातानुकूलन थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. कॉम्प्रेसर गॅसवर दाब देतो. तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. पुढे एका चिंचोळ्या वाटेतून सुटताच त्याचा दाब पडतो, तो थंड होतो आणि डॅशबोर्डच्या मागील कूलिंग कॉइलमध्ये आतल्या हवेची उष्णता शोषून पुन्हा वायुरूप होतो. कंडेन्सरला मात्र वारा हवा. गाडी धावते तेव्हा तो आपोआप मिळतो. थांबली की पंख्याने द्यायचा. आमच्या गाडीत रेडिएटरचा पंखा चालत होता, परंतु त्याच्या शेजारचा कंडेन्सरचा पंखा बंद पडला होता. इंजिनाचा काटा वर न चढल्याने संशय कुणालाच आला नाही.

‘मग गॅरेजात गार कसे होई?’ आम्ही विचारले. ‘तिथं बॉनेटसमोर मोठा पंखा लावला होता का?’ त्यांनी उलट प्रश्न केला. होता खरा! गॅरेजचा पंखा आमच्या मेलेल्या पंख्याचे काम करीत होता.

त्यांनी दोन्ही बाजूंना गेज जोडले. उभ्या गाडीत जास्त दाबाच्या बाजूचा काटा भराभर चढला आणि ठरावीक मर्यादेला कॉम्प्रेसर आपण होऊन बंद पडला. त्यात गॅसही प्रमाणाबाहेर भरलेला निघाला. तो किती ग्रॅम असावा हे बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते आणि वजन करूनच भरायचा असतो. ‘गॅस हे पेट्रोल नव्हे,’ मिस्त्री म्हणाले. ‘तो जळत नाही, संपत नाही. कमी झालाच, तर कुठून तरी गळतो आहे. आधी गळती शोधायची, मग भरायचा.’

गॅस यंत्राने काढून घेऊन, पंख्याची मोटर बदलून त्यांनी तो मोजून पुन्हा भरला. खर्च तीन वेळच्या गॅसपेक्षा कमी आला.

हवेत सोडलेल्या त्या गॅसची रुखरुख अजून आहे. जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागे पडला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला इजा करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेहून अधिक पट प्रभावी आहे. २०१६ च्या किगाली करारान्वये अशा वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. एका आईला गारवा मिळावा म्हणून, आणि तोही न मिळता, आम्ही सर्वांच्याच आयांचा उकाडा थोडा वाढवला.

वाचकांपैकी अनेकांकडे आता गाडी आहे. म्हणून मिस्त्रींचे चार बोल सांगून ठेवतो. झोत मंद असेल तर आधी हवेचा फिल्टर पाहावा. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम येत असेल, तर आतील झडप फिरवणारी मोटर तपासावी. पायाशी पाणी साचले तर निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते. आणि गॅरेजात जाण्यापूर्वी बिघाड केव्हा होतो, केव्हा होत नाही, हे टिपून ठेवावे.

त्यात आमची एक पुस्ती जोडतो. पडद्यावरचा २२ हा आकडा आपण काय मागितले ते सांगतो, काय मिळाले ते नाही. आमच्या गाडीत हवेचे झोत पुढेच आहेत. चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा येत असतो आणि मागे कोण कसे बसले आहे, हे त्याला मान वळवल्याशिवाय कळत नाही.

आता गाडी सुरू केली की आम्ही आकडा पाहत नाही. मान वळवून विचारतो, ‘आई, बरं आहे ना?’ बहुतेक वेळा ती ‘हो’ म्हणते. कधी म्हणते, ‘जरा कमी कर, थंडी वाजते.’ तेव्हा आम्ही निमूटपणे २४ करतो.