आठ मे की सत्तावीस ऑगस्ट?

बाकीच्या बँडचे चाहते अल्बमवरून भांडतात, ग्रेटफुल डेडचे तारखांवरून. ‘डार्क साइड ऑफ द मून’ मोठा की ‘द वॉल’, हा पिंक फ्लॉइडवाल्यांच्या घरातला वाद. डेडच्या चाहत्याला, म्हणजे डेडहेडला, सर्वोत्तम अल्बम कोणता असं विचारलंत तर तो आधी तुमची कीव करतो आणि मग म्हणतो, “आठ मे सत्त्याहत्तर.” शेजारचा लगेच उसळतो, “काहीतरीच काय! सत्तावीस ऑगस्ट बहात्तर.” कोपऱ्यातला एखादा पिकल्या दाढीचा गृहस्थ “तेरा फेब्रुवारी सत्तर” एवढंच पुटपुटतो आणि दोघांनाही पोरांत जमा करतो. नवख्याला वाटावं, कोणाच्या पुण्यतिथ्या मोजताहेत की काय.

पण बँडच तसा होता. १९६५ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ही मंडळी जमली आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजी बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला तोवर वाजवत राहिली. तीस वर्षांत तेवीसशेच्या वर कार्यक्रम. आज काय वाजवायचं हे बहुतेक वेळा मंचावरच ठरायचं, काल वाजवलेलं आज सहसा नाही, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायची वाट दर वेळी नवी. ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ मध्ये सिंगल म्हणून निघालं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर ते तेवीस मिनिटांचं झालं, आणि नंतर कधी कधी अर्ध्या तासाच्याही पुढे गेलं. आता यातलं खरं ‘डार्क स्टार’ कोणतं? ज्या रात्री तुम्ही म्हणाल त्या रात्रीचं.

अल्बमांकडे मात्र डेडहेड जितकं नाक मुरडतात तितकं मुरडायचं कारण नाही. १९७० हे एकच साल घ्या. ‘एओक्सोमोक्सोआ’च्या वेळी स्टुडिओत मनसोक्त खेळून बँडनं रेकॉर्ड कंपनीचं कर्ज करून ठेवलं होतं. मग झक मारत साधं, स्वस्त आणि लवकर उरकणारं काम करावं लागलं, आणि त्यातून जूनमध्ये ‘वर्किंगमन्स डेड’, नोव्हेंबरमध्ये ‘अमेरिकन ब्यूटी’ आला. अकूस्टिक गिटारी, तीन गळ्यांचे एकमेकांत मिसळलेले सूर, गार्सियाची पेडल स्टील आणि रॉबर्ट हंटरचे शब्द. हंटर बँडमध्ये काही वाजवत नसे, फक्त लिहायचा, पण त्याला वगळून हा बँड कल्पताच येत नाही. माझं मत ‘अमेरिकन ब्यूटी’ला. ‘वेक ऑफ द फ्लड’बद्दल मला हळवा कोपरा आहे, ‘ब्लूज फॉर अल्ला’ पावसाळी संध्याकाळी बरा वाटतो, आणि ‘गो टू हेवन’च्या मुखपृष्ठावर सगळे पांढरे सूट घालून का उभे आहेत हे आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

म्हणजे पुन्हा तारखाच. ८ मे १९७७, न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. मे महिन्यात त्या रात्री बाहेर बर्फ पडला. दुसरा सेट सुरू होतो तो ‘स्कार्लेट बिगोनियाज’नं. शब्द संपतात, तरी बँड थांबत नाही. कीथ गॉडशोचा पियानो आणि डॉना जीनचा शब्दांवाचूनचा आवाज तोच तुकडा घोळवत राहतात, ढोलांचा जोर हळूहळू ओसरतो, आणि केव्हातरी लक्षात येतं की फिल लेशनं बासवर जमीनच बदलली आहे. गाणं कोणत्या क्षणी बदललं ते बोट ठेवून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. मी पुष्कळदा मागे घेऊन ऐकलं आहे, दर वेळी जागा निसटते. आपण पोचलेलो असतो ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये. दोनच कॉर्डचं गाणं. त्या दोन कॉर्डवर गार्सिया इतका वेळ, इतक्या निवांतपणे फिरतो की दोन कॉर्ड थोड्या आहेत असं मनातही येत नाही.

या गाण्याची एक मुळी मुंबईत पोचते, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. डेडचा एक ड्रमर मिकी हार्ट १९६७ च्या सुमारास उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि तालाच्या हिशेबानं पार झपाटला. अकरा मात्रांचं ‘दि इलेव्हन’ त्याच दिवसांतलं. पुढे त्यांचे चिरंजीव, माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन अमेरिकेत गेले, तिथे सॅन राफाएलच्या अली अकबर कॉलेजात शिष्यांचा एक तालवाद्यसंच उभा राहिला, त्यात हार्ट सामील झाला, आणि १९७६ साली ‘दिगा’ हा अल्बम निघाला. त्यातला ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ हा तुकडा ऐका. ‘फायर ऑन द माउंटन’ तिथे बिनशब्दांचं, आधीच वाजतं आहे, आणि गिटारवर खुद्द गार्सिया आहे. कॉर्नेलला ‘फायर’च्या पाठोपाठ येणारं ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ सातच्या हिशेबात बांधलेलं आहे. रूपक मोजायची सवय असलेल्या श्रोत्याचा हात आपोआप मांडीवर चालू लागतो. पुढे १९९१ मध्ये हार्ट आणि झाकीर यांचा ‘प्लॅनेट ड्रम’ आला, त्याला ग्रॅमी मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘दिगा’ मात्र विस्मरणात गेला. वाईट वाटतं.

तर कॉर्नेल. ही रात्र सर्वश्रेष्ठ ठरली कशी? त्या वसंतात बँड तालमीत होता हे खरंच. ‘टेरापिन स्टेशन’ अल्बमच्या निमित्तानं कीथ ओल्सन नावाचा कडक निर्माता लाभला होता, आणि त्यानं दोन्ही ड्रमरना शिस्तीत आणलं होतं. पण त्या वसंतातल्या इतर रात्रींनीही तीच तालीम खाल्ली होती. दुसऱ्याच दिवशी, नऊ तारखेला, बफलोला झालेला कार्यक्रम अनेक जाणत्यांना कॉर्नेलहून सरस वाटतो, आणि ते अगदीच चूक नाहीत. मग बफलोचं नाव घराघरांत का नाही?

टेपमुळे. बेटी कँटर-जॅक्सन ही डेडची ध्वनिमुद्रक. तिनं बँडसाठी मंचावरच्या साउंडबोर्डवरून केलेली रेकॉर्डिंगं आजही कानाजवळ बसून वाजवल्यासारखी स्वच्छ ऐकू येतात. तिच्या ताब्यातली रिळं एका भाड्याच्या गोदामात होती. भाडं थकलं आणि १९८६ साली त्यांचा लिलाव झाला. ज्यांनी बोली लावली त्यांच्याकडून प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, आणि कॉर्नेलची रात्र कॅसेटींतून अमेरिकाभर पसरली. त्याआधी लोकांच्या संग्रहात बहुतेक काय असायचं? प्रेक्षागृहात धरलेल्या माइकवर घेतलेलं रेकॉर्डिंग, त्यात खरखर, टाळ्या, आणि माइकशेजारी उभ्या असलेल्या कोणाची तरी बडबड. त्यांच्यासमोर ही टेप आली. कौल तिथेच लागला. तीस वर्षांतल्या तेवीसशे रात्रींमधून सर्वोत्तम रात्र कोणी निवडलेली नाही. उत्तम रात्रींपैकी जी उत्तम स्थितीत आपल्यापर्यंत पोचली, तिला आपण सर्वोत्तम म्हणतो आहोत. डेडहेडांना हे सांगितलं की राग येतो, कारण त्यांनाही ते ठाऊक असतं.

ही कॅसेटींची दुनिया मराठी रसिकाला परकी वाटू नये. कुमारांची अमुक घरातली बैठक, मन्सूरांचा तमका राग, असं कॅसेटच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहून जपणारी आणि “ही कितवी कॉपी?” असं आधी विचारणारी माणसं आपल्या पुण्यात, मुंबईत, धारवाडात होतीच. फरक एवढाच, की आपल्याकडे अशी कॅसेट मिळवायला ओळख लागायची, कधी मिन्नतवारी करावी लागायची. डेडनं उलट केलं. रेकॉर्ड करू द्यायचे आणि १९८४ पासून तर त्यासाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच राखली. तिथे उंच दांड्यांवर माइकचं रान उभं राहायचं. अट एकच, विकायचं नाही. कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवा, भरून परत येतील. प्रत्येक कॉपीगणिक खरखर वाढायची, म्हणून मूळ टेपपासून आपण किती पायऱ्या लांब आहोत यावर संग्राहकाची पत ठरायची.

दौऱ्यांचा वाद याहून चिवट. एक गट १९७२ च्या युरोप दौऱ्याचा: एप्रिल-मेमध्ये २२ कार्यक्रम, पिगपेनचा शेवटचा मोठा दौरा. मूळ बँडचा हा ब्लूज गाणारा आधारवड आजारी होता. पुढच्या मार्चमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला. त्या दौऱ्याचा तीन तबकड्यांचा अल्बम गाजला, पण त्यातलं बरंचसं गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणून वर चढवलेलं आहे. २०११ मध्ये संपूर्ण दौरा ७३ सीडींच्या पेटीत निघाला तेव्हा न सजवलेले गळे ऐकायला मिळाले. मला तेच बरे वाटले. थोडे बेसूर, पण त्या रात्रीचे.

दुसरा गट १९७४ चा. त्या वर्षी बँड ‘वॉल ऑफ साउंड’ घेऊन फिरला. वाजवणाऱ्यांच्या पाठीशी सुमारे ६०० स्पीकरांची भिंत, वजन ७५ टनांच्या घरात. स्पीकर गायकाच्या मागे ठेवले तर त्यांचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजायला हवी. त्यावरचा उपाय फार सुंदर होता: प्रत्येक गायकासमोर एकाखाली एक असे दोन माइक, उलट्या जोडणीचे. गायचं फक्त एकात. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच येणार, म्हणून तो परस्पर कटणार. उरणार फक्त गळा. लेशच्या बासच्या चारही तारांना स्वतंत्र स्पीकर देण्याची सोय होती. हे सगळं उभारायला, उतरवायला आणि वाहून न्यायला इतकी माणसं आणि इतका पैसा लागला की ऑक्टोबरमध्ये बँडनं काही काळ कार्यक्रमच थांबवले. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे होतं.

१९७८ मध्ये ते गिझाला पिरॅमिडच्या पायथ्याशी वाजवायला गेले. शेवटच्या रात्री चंद्रग्रहण. एका ड्रमरचा हात मोडलेला, पियानो सुरात नाही. छायाचित्रं अप्रतिम आली. संगीत इतकं बेतास बात की ठरलेला अल्बम तीस वर्षं बाहेर आला नाही.

डॉनाबद्दल एक शब्द बोलायला हवा. मंचावर ती बेसूर ओरडते, असं म्हणून तिचा उद्धार करणं हा डेडहेडांचा आवडता उद्योग आहे. ती मसल शोल्सच्या स्टुडिओंतली कसलेली गायिका; एल्व्हिस प्रेस्लीच्या ‘सस्पिशस माइंड्स’मागच्या आवाजांत तिचा आवाज आहे. दोन ड्रमर आणि तीन विजेच्या गिटारींच्या गदारोळात उभं राहून आपला सूर ऐकू न येता गाऊन दाखवा, मग बोला. शिवाय कॉर्नेलच्या ‘स्कार्लेट’मधून तिला काढून पाहा, काय उरतं.

राहिली २७ ऑगस्ट १९७२. ऑरेगनमधलं वेनेटा, रानातलं मोकळं मैदान. लेखक केन कीझीच्या भावाची दुग्धशाळा अडचणीत होती, तिला हात देण्यासाठी हा कार्यक्रम; तिकिटं दह्याच्या डब्यांच्या लेबलांवर छापलेली. ऊन असं की पारा अडतीस अंशांच्या वर, तारा उतरताहेत, पाणी पुरत नाही, मंचामागच्या खांबावर एक नंगा माणूस चढून बसला आहे. हे सगळं चित्रफितीत आहे. ‘सनशाइन डेड्रीम’ नावाची ती फिल्म अधिकृतपणे यायला २०१३ उजाडलं. एकच ड्रमर, क्रॉइट्समन, कारण वडिलांनी बँडच्या पैशांवर डल्ला मारल्यानंतर मिकी हार्ट शरमेनं बाहेर पडला होता. त्यामुळे सगळं हलकं, चपळ. उतरत्या उन्हातलं ‘डार्क स्टार’ अर्ध्या तासाचं आहे. मध्ये एका जागी सूर, ताल, सगळं विरून फक्त तारा खाजवल्याचा आवाज उरतो. बँड हरवला आहे आणि आपण हरवलो आहोत हे त्याला कळलं आहे, तरी कोणी ओळखीच्या सुरावर परत यायची घाई करत नाही. कॉर्नेलला ते असे हरवत नाहीत. कॉर्नेल निर्दोष आहे, आणि माझी तक्रार असलीच तर तीच.

कॉर्नेलचं रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०११ च्या यादीत दाखल झालं, २०१७ मध्ये चाळीस वर्षं पुरी होताना अधिकृतपणे विक्रीलाही आलं. दरबारी निकाल लागला म्हणायचा. माझं मत तरीही वेनेटाला. तुम्ही डेड कधीच ऐकला नसेल तर ‘अमेरिकन ब्यूटी’पासून सुरुवात करा, मग कॉर्नेलचा दुसरा सेट सलग ऐका, मध्ये उठू नका. त्यानंतर वेनेटाचं ‘डार्क स्टार’ लावा, आणि एवढं करून कॉर्नेलच श्रेष्ठ वाटलं तर खुशाल भांडायला या.